जुन्या लेथची ओळख आणि कालनिश्चिती

धातूकामाचे जुने लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून हत्याराने कातणारे यंत्र) कोणत्या कारखान्याचे, कोणत्या नमुन्याचे आणि साधारण कोणत्या काळातले, हे यंत्रावरच्या खुणांवरून ठरवण्याची पद्धत. कोकणात हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांलगतच्या वर्कशॉपांत नौकांच्या पंख्याचे शाफ्ट आणि गनमेटलचे बुश लेथवर बनतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत नौका वर ओढल्या की या कामाची गर्दी होते. खाऱ्या हवेने नावाची पाटी गंजते, नाहीतर रंगाच्या थरांखाली जाते. म्हणून पाटीवर विसंबू नये.

सुरुवात बेडपासून, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या लांब पायापासून करावी. चक (जॉब पकडणारा जबडा), मोटर, टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार) सगळे बदलले जाते, बेड सहसा नाही. अमेरिकेच्या साउथ बेंड (स्थापना १९०६) लेथचा क्रमांक बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला, वरच्या बाजूस पंचाने ठोकलेला असतो. ब्रिटनच्या मायफोर्ड एमएल७ चा (१९४६ पासून) क्रमांक ‘के’ अक्षराने सुरू होतो. ती जागा डिझेलने भिजवून रात्रभर ठेवावी, मग नारळाच्या सोडणाने घासावी. खडू फिरवून बॅटरीचा उजेड तिरका टाकला की आकडे उमटतात. ग्राइंडर अजिबात लावू नये; यंत्राची उरलेली एकमेव जन्मनोंद त्यात जाते. ओतकामातच उठून आलेले आकडे मात्र बहुधा त्या सुट्या भागाचे असतात, यंत्राचे नव्हे. ही चूक फार जण करतात.

क्रमांक हाती लागला नाही, तर रचना पाहावी. हेडस्टॉकवर (जॉब फिरवणाऱ्या टोकाच्या भागावर) सपाट पट्ट्याची पायऱ्यांची पुली आणि मोटरला मूळ जागाच नसेल, तर ते लेथ छताखालच्या सामाईक शाफ्टवर पट्ट्याने चालण्यासाठी बनले असावे. पण केवळ पट्ट्यावरून वय सांगता येत नाही, कारण साउथ बेंडने सपाट पट्टा दुसऱ्या महायुद्धानंतरही वापरला. दांडा सरकवून आट्यांचे माप बदलणाऱ्या नॉर्टन गिअरबॉक्सचे पेटंट १८९२ चे आहे, तेव्हा तो मूळचाच असेल तर यंत्र त्याआधीचे नाही. तो नाही म्हणून यंत्र जुने, असे मात्र नाही. स्वस्त नमुने पुढेही हाताने बदलायचे सुटे चेंज गिअर घेऊनच विकले गेले.

मूळ बोल्टच्या आट्यांचा कोन ५५ अंश असेल तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश वळणाचे यंत्र. ६० अंश असेल तर अमेरिकन किंवा मेट्रिक. लीड स्क्रूचे (आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे) आटे एका इंचात किती ते मोजावेत. इंची लेथसोबत १२७ दातांचा गिअर सापडला, तर त्यावर मेट्रिक आटे पाडत असणार: २५.४ ला ५ ने गुणले की १२७ येतात. माप विचारतानाही सावध राहावे. ब्रिटिश पद्धतीत सेंटरची (जॉब ज्याभोवती फिरतो त्या मध्यरेषेची) बेडपासूनची उंची सांगतात, अमेरिकेत फिरू शकणाऱ्या जॉबचा व्यास, म्हणजे जवळपास दुप्पट आकडा. आपल्याकडे ‘सहा फुटी’ म्हटले की ती बेडची लांबी.

देशी लेथमध्ये हरिहरचे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९५३ मध्ये बंगळूरला स्थापन झालेले एचएमटी यांची यंत्रे ओळखायला सोपी. बटाला, राजकोटकडची परदेशी धाटणीची लेथ अवघड जातात. तिथे एका वर्षाचा हट्ट सोडून दशकावर थांबावे. शेवटी वर्कशॉपातल्या जुन्या टर्नरला विचारावे: मोटर कधी बसवली, टेलस्टॉक कुठल्या यंत्राचा, बेड कधी घासून घेतला. उत्तरे फोटोंसोबत तिथल्या तिथे लिहून ठेवावीत.