दोनदा उमटलेलं साल: खोट ठशाची की यंत्राची?

१९५५ साली अमेरिकेत सिगारेटचं पाकीट मशीनमधून २३ सेंटला मिळे. मशीनमध्ये टाकायचं नाणं मात्र २५ सेंटचं. मग उरलेले दोन सेंट परत कसे द्यायचे? पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच दोन नाणी आधीपासून सरकवून ठेवलेली असत. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये काही गिऱ्हाइकांच्या हाती या सुट्ट्यांत जो सेंट आला, त्यावर साल दोनदा होतं, 'लिबर्टी' दोनदा होतं आणि 'इन गॉड वी ट्रस्ट' हेही दोनदा होतं. भिंगाची गरज नाही, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं ठळक. आज त्यातलं वापरलेलं नाणंही हजार डॉलरच्या पुढे जातं.

तेव्हापासून जगभर लोक नाण्यांवर 'डबल' शोधत बसलेत, आणि शंभरातले बहुतेक चुकीच्या जागी शोधतात. एक अक्षर दोनदा दिसायला दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक खोट ठसा बनवताना राहते, दुसरी नाणं पाडताना. पहिलीला भाव आहे, दुसरीला नाही.

फरक कळायला ठसा कसा बनतो तिथून सुरुवात करावी लागते. आपल्या शिवराईचा ठसा कारागीर हाताने कोरायचा. दोन ठशांमध्ये तांब्याची चकती ठेवून वर हातोडा मारला की नाणं तयार. हातोडा दोनदा पडला आणि मधे चकती सरकली, तर 'श्री राजा शिव' दोनदा उमटे. तो दुबार ठोका. ठशात त्याचं काहीच नसे, म्हणून ती गडबड एकाच नाण्यापुरती राही.

आधुनिक टांकसाळीत प्रत्येक ठसा हाताने कोरत नाहीत. उठावाची पोलादी प्रतिकृती असते, तिला हब म्हणतात. ती मऊ केलेल्या पोलादी गोळ्यावर प्रचंड दाबाने दाबली की उलटी, खोलगट छाप उमटते. हाच डाय, म्हणजे नाणं पाडायचा ठसा. पण एका दाबात पोलाद पुरतं भरत नसे, शिवाय दाबलं की ते घट्ट होतं. म्हणून गोळा भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा आणि त्याच हबखाली परत ठेवायचा. या दुसऱ्या खेपेला गोळा केसभर फिरलेला असला, की नवी छाप जुन्या छापेवर बसत नाही. दोन्ही डायमध्येच राहतात. पुढे त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी प्रतिमा, तितकीच सरकलेली, उमटते. 'डबल डाय' असं सर्रास म्हणतात ते त्यामुळे चूक आहे. डाय एकच असतो, त्यातली प्रतिमा दुहेरी असते. शब्द 'डबल्ड डाय' असा हवा.

१९५५ च्या सेंटवर प्रतिमा मध्याभोवती फिरली आहे. म्हणून कडेची अक्षरं भरपूर दुणावलीत आणि लिंकनचा चेहरा जवळपास स्वच्छ. मागची बाजू तर अगदी सरळ, कारण मागचा डाय वेगळा आणि निर्दोष होता. नाणंच दोनदा ठोकलेलं असतं, तर मागेही गोंधळ दिसला असता. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चूक लक्षात आली तेव्हा ही नाणी इतर यंत्रांवर पडलेल्या चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती. एवढा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्या म्हणून तो सोडला गेला. बाहेर पडलेल्यांचा आकडा २० ते २४ हजारांच्या घरात सांगतात.

दुसरी खोट, नाणं पाडतानाची, तिला मशीन डबलिंग म्हणतात. ती गोष्ट यंत्रावरची. डाय निर्दोष असतो, पण बसवताना ढिला राहिलेला. छाप उमटते, आणि त्याच क्षणी डाय किंचित हलतो किंवा उसळतो. नुकतंच उठलेलं अक्षर तो बाजूने दाबून चपटं करतो. भिंगाखाली, उजेड तिरका धरून पाहिलं की अक्षराच्या कडेला एक सपाट, चकचकीत पायरी दिसते, नाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेली. मूळ अक्षर त्या बाजूला बारीक होतं, कारण पायरीचं धातू त्याच्यातूनच गेलेलं असतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये उलट असतं. अक्षर जाड दिसतं, दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात आणि अक्षराच्या टोकांना खाच पडलेली असते, जणू टोक चिरून दोन झालंय.

मला सगळ्यात आवडणारी कसोटी १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंटची आहे. तिथला 'एस' हा टांकसाळीचा खुणेचा शिक्का. १९९० च्या आधी सेंटवर ही खूण हबमध्ये नसे. डाय तयार झाल्यावर ती 'पंच' नावाच्या वेगळ्या अवजाराने हाताने ठोकत. म्हणून खऱ्या १९६९ च्या डबल्ड डायवर साल दुहेरी आणि 'एस' एकेरी. 'एस'ही दुहेरी दिसला की समजावं, यंत्र हललंय. याच साली नकली डबल सेंटही बाजारात आले होते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने त्यांच्या मागे लागून काही अस्सल नाणीसुद्धा जप्त केली. माझ्या भाच्याला अमेरिकेहून आलेल्या चिल्लरच्या बरणीत १९६९ चा 'एस' सेंट सापडला, तेव्हा त्याने रात्री साडेअकराला फोटो पाठवला होता. सालाला पायरी होती, 'एस'लाही होती. त्याला कळवायला जीवावर आलं.

तिसरा एक भिडू मधेच घुसतो. डाय फार वापरून झिजला की आकड्यांच्या कडा पसरतात आणि सावलीसारखं दुहेरी दिसतं. १९५५ च्याच असल्या सेंटना अमेरिकन विक्रेत्यांनी 'गरिबाचा डबल्ड डाय' असं नाव देऊन विकलं. नाव झकास आहे, पण तो डबल्ड डाय नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी टांकसाळ एकाच दाबात डाय बनवू लागली. आता डबल्ड डाय संपले, असं वाटलं होतं. पण गोळ्याचं तोंड निमुळतं असतं आणि हबखाली तो आधी थोडा कलून मग सरळ होऊ शकतो. पहिला स्पर्श मधोमध होतो, म्हणून नव्या चुका कडेच्या अक्षरांवर कमी आणि मध्यावर जास्त. २००९ च्या एका सेंटवर ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणारा तरुण लिंकन आहे. त्यातल्या काही नाण्यांवर त्याच्या हाताला एखादं बोट जास्त आहे, आणि भिंगवाले आता साल सोडून ती बोटं मोजतात.