नवी आवृत्ती, जुनी सूची

संगणकातल्या फाइलींच्या आतला मजकूर शोधून देणारे डॉकफेचर किंवा रिकॉल यांसारखे प्रोग्राम वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मोठी नवी आवृत्ती आली की पुष्कळदा सूची पुन्हा बांधावी लागते, आणि हजारो फाइली असतील तर मशीन बराच वेळ त्यातच गुंतून पडतं. फाइली त्याच, आपण त्याच, मग हा उपद्व्याप कशाला?

‘शोधा’ म्हटल्यावर हे प्रोग्राम फाइली उघडून बसत नाहीत. ते काम आधीच झालेलं असतं. कोणता शब्द कुठल्या फाइलीत आणि कितव्या जागी आहे, याची नोंद त्यांच्याकडे तयार असते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची, फक्त तिच्यात जवळपास प्रत्येक शब्द असतो. ही सूची बांधण्याचं आणि तिच्यात शोधण्याचं काम आत बसवलेलं एक तयार सॉफ्टवेअर करतं: डॉकफेचरची सूची ल्यूसीन सांभाळतं, रिकॉलची झेपियन. ल्यूसीन डग कटिंग यांनी 1999 साली लिहायला घेतलं आणि आज कितीतरी मोठ्या संकेतस्थळांच्या शोधामागेही तेच आहे.

रोजची भर घालणं सोपं असतं. रिकॉल फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ बघतो. दोन्ही तीच असतील तर पुढे सरकतो. ल्यूसीन तर लिहिलेल्या भागाला पुन्हा हात लावत नाही. बदललेल्या फाइलीची जुनी नोंद बाद अशी खूण करतं, नवी नोंद वेगळ्या तुकड्यात लिहितं, आणि असे छोटे तुकडे साचले की ते एकत्र करून टाकतं. बाद नोंदी तेव्हाच खऱ्या अर्थाने जातात.

खरी अडचण येते ती वाचण्याचे नियम बदलल्यावर. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात साधा र, हलंताची खूण आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह असतं; दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ आणि हलंत. कोणता मिळेल हे कीबोर्डावर अवलंबून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रामच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. एक शोधला तर दुसरा हाती लागणार नाही, आणि आपण मात्र ‘फाइल होती ना इथेच!’ म्हणत बसणार.

उपाय आहे. ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी लिहिलेला एक भाग ते अदृश्य चिन्ह गाळतो, ऱ चा र करतो, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो, इतकंच काय हलंतही काढून टाकतो. मग ‘पाणि’ शोधलं तरी ‘पाणी’ मिळतं. त्याची किंमतही आहे: ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘कर्म’ आणि ‘करम’सुद्धा. माझ्या मते घरच्या कागदपत्रांसाठी हा सौदा परवडतो. चार जास्तीच्या फाइली नजरेखालून घालणं सोपं, न सापडलेली शोधणं कठीण.

पण असा नियम नव्या आवृत्तीत आला, तर तुम्ही टाइप केलेला शब्द नव्या नियमाने घासूनपुसून घेतला जाणार आणि सूचीत मात्र जुन्याच नियमाची रूपं पडलेली असणार. गाठ पडणार कशी? म्हणून सगळं पुन्हा वाचायचं. शिवाय सूचीची साठवण्याची पद्धतही बदलत राहते: ल्यूसीन साधारणपणे फक्त आधीच्या एका मुख्य आवृत्तीपर्यंतची सूची वाचू शकतं. उलट, निकालांचा क्रम ठरवण्याचं सूत्र बदललं तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, कारण तो हिशेब शोधतेवेळी होतो. 2016 साली ल्यूसीन 6 ने बीएम25 हे सूत्र मूळ निवड म्हणून स्वीकारलं, ते याच जातीचं.

सगळ्यात फसवी गत स्कॅन केलेल्या पीडीएफची. रिकॉल टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने चित्रातली अक्षरं वाचू शकतो, आणि टेसरॅक्टला मराठीही येते. ही सोय आज चालू केली, तरी जुना सातबारा शोधात येईलच असं नाही. फाइलीची तारीख बदललेली नाही, तेव्हा रिकॉलच्या दृष्टीने ती वाचून झालेली आहे. इथे त्याला मुद्दाम सांगावं लागतं की सूची पूस आणि नव्याने बांध.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेल्या फाइलींना मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. त्यांच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, देवनागरी असते ती फक्त फाँटाच्या आकारांत. प्रोग्रामला तिथे मजकूर दिसतो, त्यामुळे चित्र समजून वाचायचंही तो मनावर घेत नाही. कितीही आवृत्त्या आल्या तरी या फाइली आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. तसं केलं की फाइलीची तारीखही बदलते, आणि पुढच्या फेरीत प्रोग्राम त्या आपणहून वाचतो.