कुत्र्याच्या प्लेटलेट कमी आल्या, पण कुणाच्या मानाने?

कुत्र्याला गोचीड ताप आल्याचा संशय आला की डॉक्टर लगेच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, मोजायला सांगतात. रिपोर्टवर मायक्रोलिटरमागे १ लाख ६० हजार आकडा येतो, शेजारी निरोगी मर्यादा छापलेली असते साधारण २ ते ५ लाख, आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. ही मर्यादा ठरते कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

बऱ्याच निरोगी कुत्र्यांचं रक्त तपासून मधले ९५ टक्के आकडे धरले जातात. म्हणजे धडधाकट असूनही २० पैकी एक कुत्रा मर्यादेबाहेर पडणारच. नर आणि मादी यांच्या मर्यादा वेगळ्या काढायच्या, तर प्रत्येक गटात निदान १२० निरोगी प्राणी असावेत, असा प्रयोगशाळांचा संकेत आहे. तेवढे मिळवणं अवघड, म्हणून बहुतेक ठिकाणी दोघांना एकच मर्यादा लावतात.

माणसांत स्त्रियांच्या प्लेटलेट पुरुषांपेक्षा थोड्या जास्त असतात. कुत्र्यांतही काही अभ्यासांत माद्यांचा आकडा किंचित वर दिसतो. पण इथे तुलना सरळ नाही. मादी माजाच्या कोणत्या टप्प्यात आहे हे बघावं लागतं. माजानंतर गाभण नसली तरी सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे मादी हार्मोन चढलेलं असतं. शिवाय निर्बीजीकरण झालेले प्राणी गटात मिसळले, तर ‘नर’ आणि ‘मादी’ या शिक्क्यांमागे हार्मोनचा फरक फारसा उरतच नाही. अशा अभ्यासात निर्बीजीकरणाची नोंद नसेल, तर त्याच्या निष्कर्षावर मी फार भर देणार नाही.

जातीचा फरक याहून कितीतरी ठळक आहे. निरोगी ग्रेहाउंडच्या प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमीच असतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये तर एका जनुकातल्या बदलामुळे त्या संख्येने कमी पण आकाराने मोठ्या बनतात. अनेकांचा आकडा १ लाखाच्या खाली असतो, तरी रक्तस्राव होत नाही. काही यंत्रं या मोठ्या प्लेटलेटना तांबड्या पेशी समजून सोडून देतात, त्यामुळे आकडा आणखी घसरतो.

रक्त काढताना वेळ लागला, की प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. म्हणून कमी आकडा आला की रक्ताचा थेंब पसरलेली काचेची स्लाइड बघायला सांगा. सूक्ष्मदर्शकाच्या १०० पट भिंगाखाली, पुंजके नसलेल्या भागात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरमागे अंदाजे १५ हजार. दहा ठिकाणी मोजून सरासरी काढायला जाणकार माणसाला काही मिनिटं पुरतात.