गाव उठलं, चर्च राहिलं: व्हॅरम पर्सी

इंग्लंडात यॉर्कशरच्या चुनखडीच्या टेकड्यांमधे व्हॅरम पर्सी म्हणून एक गाव होतं, आता तिथे फक्त गवताखाली घरांचे उंचवटे दिसतात आणि खाली ओढ्याकाठी सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च उभंय. आपल्या महसूल दप्तरात बेचिराग गाव म्हणतात ना, अगदी तसं.

पण या चर्चच्या भिंती नीट बघितल्या की गावाची आख्खी गोष्ट कळते. आधी 10व्या शतकात छोटंसं लाकडी चर्च होतं, मग दगडी झालं, 12व्या-13व्या शतकात माणसं वाढली तशी दोन्ही बाजूंना भिंती फोडून कमानी काढल्या आणि जादा दालनं बांधली. पुढे 1348-49 ची प्लेगची साथ आली, तरी गाव लगेच नाही संपलं. खरा घाव मेंढ्यांनी घातला, लोकरीला भाव होता म्हणून जमीनदाराने 1500 च्या आसपास उरलीसुरली कुटुंबंही उठवली आणि शेतांची कुरणं केली. माणसंच नाहीत म्हटल्यावर ती बाजूची दालनं पाडली, कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात, मला तर तेच सगळ्यात जास्त लागतं.

गाव गेलं तरी चर्च चालू राहिलं कारण पॅरिशमधे, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, थिक्सेनडेल वगैरे आणखी गावं होती, तिथले लोक टेकड्या तुडवत इथे प्रार्थनेला यायचे, मयत पण इथेच आणायचे. 1870 मधे थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च झालं, मग इकडची वर्दळ आटली आणि 1949 साली शेवटची प्रार्थना झाली.

लगेच 1950 पासून इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी इथे खणायला सुरुवात केली, पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट आले, आणि दोघांनी मिळून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात हे काम नेलं! चर्च आणि त्याच्या दफनभूमीतून जवळपास 700 सांगाडे निघाले. राजेरजवाड्यांचे नाहीत, बहुतेक साध्या शेतकऱ्यांचे, म्हणून मोलाचे. लहान मुलांच्या हाडांवरून समजलं की इथल्या आया बाळाला साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजायच्या, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नव्हतं.

खणणं चालू असतानाच 1959 मधे चर्चच्या मनोऱ्याचा एक भाग कोसळला. उरलेला तसाच उभा आहे.