माकडांना जाहिरात दाखवली तर...

"तो हिरो काय हा शर्ट घरी घालतो? पैसे मिळाले म्हणून घातला!" कपड्यांच्या जाहिरातींचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'आपण काही फसणाऱ्यातले नाही' असं समाधान असतं. गंमत म्हणजे हे समाधान जवळजवळ प्रत्येकाकडेच असतं. जाहिरातीचा परिणाम होतो खरा, पण तो इतरांवर, माझ्यावर नाही, या समजुतीला फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये 'तिसऱ्या माणसावरचा परिणाम' असं नावच देऊन टाकलं. आता सगळेच 'मी सोडून' म्हणू लागले, तर तो तिसरा माणूस शोधायचा कुठे?

'पैसे मिळाले म्हणून घातला' या वाक्यात एक गृहीतक लपलेलं आहे. जाहिरातीचं काम आपल्याला पटवणं, आणि आपल्याला पटलं नाही की तिचे पैसे पाण्यात. पण पटण्याचा प्रश्नच जिथे येत नाही अशा गिऱ्हाइकावर जाहिरात चालते का? हे पाहायला उत्तम गिऱ्हाईक म्हणजे माकड. त्याला शर्ट लागत नाही, मानधन म्हणजे काय ते कळत नाही आणि सिनेमाही ते पाहत नाही.

२०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात ऱ्हीसस जातीच्या माकडांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह आणि त्याच्या जोडीला एका माकडाचा फोटो. कधी दबदबा असलेल्या नराचा, तर कधी कुणी फारसं विचारत नाही अशाचा. हे पुन्हा पुन्हा दाखवून झाल्यावर नुसती बोधचिन्हं समोर ठेवली. कुठलंही निवडलं तरी बक्षीस सारखंच. तरीही माकडं दबदबेवाल्या चेहऱ्यासोबत पाहिलेल्या चिन्हाकडे जास्त वळली. (मादीच्या पार्श्वभागाच्या फोटोनेही हेच साधलं. जाहिरातवाल्यांना ही बातमी वाटायची नाही.) त्याआधी २००५ मध्येच दिसलं होतं की तहानलेली नर माकडं वरच्या दर्जाच्या नराचा चेहरा पाहायला मिळावा म्हणून वाट्याचा थोडा रस सोडायला तयार होतात. खालच्या दर्जाच्या चेहऱ्याकडे पाहायचं, तर उलट जास्तीचा रस द्यावा लागतो. तिकीट काढून 'मोठ्या माणसाला' पाहण्याची हौस आपल्या जातीपेक्षा जुनी दिसते.

इथे काम करणारी यंत्रणा म्हणजे शाळेत शिकलेला पावलोव्हचा कुत्रा. घंटा, मग अन्न, काही दिवसांनी नुसत्या घंटेने लाळ. जाहिरातीत घंटेच्या जागी ब्रँडचं नाव आणि अन्नाच्या जागी आवडता चेहरा. फरक एवढाच, की इथे लाळेऐवजी 'बरं वाटणं' एकावरून दुसऱ्यावर सरकतं. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. खरी मजा मात्र पुढच्या प्रश्नात आहे. प्रत्येक जोडीमागे मेंदू नेमकं किती शिकतो?

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये यासाठी एक समीकरण मांडलं. शब्दांत ते असं: मेंदू घटना शिकत नाही, तो अंदाज चुकल्याचं शिकतो. जितका अंदाज चुकला, त्याच्या ठराविक हिश्शाइतकं शिक्षण. समजा, त्या चेहऱ्याने मिळणारा आनंद १०० आहे आणि शिकण्याचा हिस्सा ३० टक्के. पहिल्यांदा जाहिरात दिसली तेव्हा ब्रँडकडून अपेक्षा शून्य, मिळाले १००, म्हणजे चूक १०० ची आणि शिक्षण ३०. दुसऱ्यांदा अपेक्षा ३०, चूक ७०, शिक्षण २१. बेरीज ५१. तिसऱ्यांदा चूक ४९, शिक्षण १४.७, बेरीज ६५.७. चौथ्यांदा साधारण ७६. म्हणजे पहिल्या दोन वेळांतच निम्मं काम झालं. पुढे तीच जाहिरात पन्नास वेळा दाखवली तरी हाती फारसं लागत नाही, कारण धक्काच उरत नाही.

याच समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती फार आवडते. लिओन कामिनने १९६०च्या दशकात उंदरांना आधी आवाज आणि विजेचा सौम्य झटका अशी जोडी शिकवली. मग आवाजाबरोबर दिवाही लावला आणि झटका दिला. शेवटी नुसता दिवा लावला, तर उंदीर जवळपास निर्धास्त! झटक्याची वर्दी आवाज आधीच देत होता, दिव्याने नवीन काही सांगितलं नाही, म्हणून दिव्याबद्दल काही शिकलंच गेलं नाही. याला 'अवरोध' म्हणतात. आता आवाजाच्या जागी कापडाचा पोत, शिवण, आजवरचा अनुभव ठेवा आणि दिव्याच्या जागी नवा करारबद्ध चेहरा. ज्या ब्रँडचे कपडे आपण वर्षानुवर्षं वापरतोय, त्याच्या बाबतीत तो चेहरा त्या दिव्यासारखाच फुकट जळत राहण्याची शक्यता बरीच. कोरी पाटी असलेल्या नव्या ब्रँडला मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो.

समीकरण एका ठिकाणी अडखळतं, हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या हिशेबाने चेहऱ्याशिवाय ब्रँड वारंवार दिसू लागला की आवड हळूहळू विरायला हवी, जशी अन्न बंद झाल्यावर कुत्र्याची लाळ थांबते. पण आवडीनिवडी बऱ्याच चिवट निघतात. लाळ म्हणजे 'आता काहीतरी येणार' अशी वाट पाहणं. आवड ही कुणाची वाट पाहत नाही, त्यामुळे तिचा अपेक्षाभंगही तसा होत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. उलट तो चेहराच मनातून उतरला, तर त्याच्याशी जोडलेली वस्तूही उतरू शकते. एखादं प्रकरण गाजलं की कंपन्या रातोरात पोस्टर उतरवतात, त्यामागे नीतिमत्तेइतकाच हा हिशेबही असतो.

मग कपडेच का? इथे जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांचा १९६६ चा प्रयोग आठवतो. उंदरांना पाणी पिताना चव, उजेड आणि आवाज एकदमच मिळाले. नंतर आजारी पडलेल्यांनी दोष चवीला दिला, झटका बसलेल्यांनी उजेड-आवाजाला. मेंदू कशालाही काहीही चिकटवत नाही, एकमेकांना लागू पडणारी जोडीच तो पटकन बांधतो. प्रसिद्ध माणसाची प्रतिमा बनते चेहरा, चाल, बांधा आणि अंगावरच्या कापडातून. त्यामुळे शर्ट त्या प्रतिमेचाच तुकडा असतो. पाण्याच्या पंपाचं तसं नाही. तोच माणूस पंपाशेजारी उभा राहिला तर जोडी जुळायला मेंदूला कसरत करावी लागते. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅकक्रॅकनने १९८९ मध्ये हे वेगळ्या भाषेत मांडलं: अर्थ आधी भूमिकांमधून माणसात येतो, त्याच्याकडून वस्तूत, आणि वस्तूतून विकत घेणाऱ्यात. कपड्यांत हा शेवटचा टप्पा अगदी शब्दशः होतो. वस्तू अंगात घातली जाते.

इतकं वाचून चेहरा असला की माल खपलाच असं वाटेल. तसं नाही. हॉलिवूडची एक दंतकथा आहे, की १९३४ च्या एका चित्रपटात क्लार्क गेबलने शर्ट काढला, आत बनियन नव्हतं, आणि अमेरिकेत बनियनचा खप कोसळला. गोष्ट झकास आहे, पण तिच्यामागे विक्रीचे भरवशाचे आकडे नाहीत. खरे आकडे जास्त रुक्ष आहेत. क्नोल आणि माथेस यांनी २०१७ मध्ये ४६ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागींची माहिती एकत्र केली, तेव्हा सरसकट असा परिणाम दिसलाच नाही. कुठे भरपूर फायदा, कुठे चक्क तोटा. सर्वांत चांगलं जमलं ते वस्तूशी मेळ खाणाऱ्या पुरुष अभिनेत्यांना, तेही उघड शिफारस न करता. म्हणजे 'हाच घ्या' असं सांगण्यापेक्षा नुसतं घालून वावरलेलं बरं.

आणि आपलं लक्ष असेल तर? १९८३ मध्ये रिचर्ड पेटी आणि सहकाऱ्यांनी एका काल्पनिक रेझरची जाहिरात दाखवली, कधी नामवंत खेळाडूंसह, कधी सामान्य माणसांसह. नंतर रेझर निवडायचाच आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांचं मत मुद्दे किती सबळ आहेत यावर ठरलं. चेहऱ्याने फरक पडला नाही. ज्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांच्यावर चेहरा चालला. अडचण अशी की होर्डिंगसमोरून जाताना आपण बहुतेकदा या दुसऱ्या गटात असतो.

जाता जाता एक टोचणी. मुलाखतीचा 'लकी' शर्ट किंवा अमुक वारी तमुक रंग यांना हसणाऱ्या सुशिक्षितांनी एक प्रयोग ऐकावा. आवडत्या सेलिब्रिटीने वापरलेला स्वेटर किती हवासा वाटतो, असं २०११ च्या एका अभ्यासात लोकांना विचारलं. तो निर्जंतुक केलाय म्हटल्यावर हौस कमी झाली! स्वेटर तोच, लोकर तीच. मग धुऊन गेलं ते काय? मेरिलिन मन्रोने १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाचं गाणं म्हणताना घातलेला पोशाख २०१६ मध्ये ४८ लाख डॉलरना विकला गेला. अंगारा-ताईत आणि लिलाव यांत फरक पावतीचा, तर्क एकच.

'पण मी कापड बघून घेतो' हे उत्तर तरीही राहतंच. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये याच उत्तराची गोष्ट सांगितली आहे. दुकानात टेबलावर नायलॉन स्टॉकिंग्जच्या चार जोड्या मांडल्या आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगली निवडायला सांगितली. सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. का, असं विचारल्यावर जागेचं नाव कुणीच काढलं नाही. जोडी कुठे ठेवली होती याचा तर परिणाम झाला नसेल, असं थेट विचारलं तेव्हा बहुतेकांनी साफ नाकारलं, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे काळजीने पाहिलं, की हा माणूस ठीक आहे ना. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या.