हाचिकोचे डोळे आणि म्हशीचा पान्हा

मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं स्टेशनवर वाट बघत राहिलेल्या हाचिको या जपानी कुत्र्याची गोष्ट व्हॉट्सॅपवर वर्षातून दोनदा तरी फिरून येतेच, आणि मागोमाग कुणीतरी म्हणतंच, मागच्या जन्मीचं देणं असणार. अहो, याच जन्मात बघा की जरा!

त्याचे मालक प्रोफेसर उएनो तोक्यो इम्पीरियल युनिव्हर्सिटीत शेतीचं इंजिनीअरिंग शिकवायचे. जानेवारी १९२४ मध्ये हे अकिता जातीचं पिल्लू त्यांच्याकडे आलं, मे १९२५ मध्ये सर युनिव्हर्सिटीतच कोसळले आणि गेले. सहवास जेमतेम सोळा महिन्यांचा, आणि शिबुया स्टेशनवर वाट बघणं मार्च १९३५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत. झुरून मेला म्हणतात तेही तसं नाही, जपून ठेवलेले अवयव २०११ मध्ये तपासले तर हृदयात-फुफ्फुसात कॅन्सर निघाला, शिवाय हृदयात जंत.

युनिव्हर्सिटीच्या शेतकी विभागात २०१५ मध्ये दोघांचा पुतळा बसवला, हाचिको सरांच्या अंगावर झेपावलाय आणि दोघं एकमेकांकडे बघतायत. माझा आवडता भाग हे बघणंच. पण आधी म्हैस. रेडकू कासेला ढुशी देतं, सडांकडून निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला जातो, पिट्युटरी ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सोडते, ते कासेत पोचलं की दूध बनवणाऱ्या पेशींभोवतीच्या स्नायूंसारख्या बारीक पेशी आवळतात आणि पान्हा फुटतो. नऊ अमिनो आम्लांचा एवढासा रेणू! (काही गोठ्यांत चोरून टोचतात ते हेच.) आई आणि बाळ एकमेकांत गुंततात त्यातही याचा हात असतो.

तर त्याच २०१५ साली जपानच्याच अझाबू युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी कुत्रे आणि मालक अर्धा तास एका खोलीत ठेवले आणि आधी-नंतर दोघांची लघवी तपासली. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत राहिल्या त्यांच्यात दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलेलं. मग कुत्र्यांच्या नाकात ते फवारलं, तर माद्या मालकाकडे आणखीच टक लावून बघायला लागल्या आणि, गंमत बघा, फवारा कुत्रीच्या नाकात आणि ऑक्सिटोसिन वाढलं मालकाचं. पहिल्या प्रयोगात माणसांनी वाढवलेले लांडगेही होते, पण त्यांच्या बाबतीत असं काही झालं नाही, त्यांच्यात डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे धमकी.

आता लगेच 'प्रेमाचं हार्मोन' म्हणत सुटू नका. लघवीत सापडलं म्हणजे मेंदूतही तेवढंच असेल असं नाही. आणि नर कुत्र्यांवर फवाऱ्याचा असा परिणाम दिसलाच नाही, हाचिको तर नर होता.