डिफरेन्शियलचे भक्कम कव्हर

डिफरेन्शियलचे भक्कम कव्हर : खडकाळ वाटांवर न्यायच्या चारचाकीच्या डिफरेन्शियल हाउसिंगवरचे (अ‍ॅक्सलच्या मध्यावरच्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीवरचे) मूळ पातळ कव्हर काढून तिथे बसवलेले जाड प्लेटचे किंवा ओतीव कव्हर. मूळ कव्हर प्रेसवर घडवलेल्या दोन-तीन मिमी पत्र्याचे असते. गिअर ऑइल आत ठेवणे, चिखल-धूळ बाहेर ठेवणे आणि क्राउन-पिनियन (आतले मोठे आणि लहान दातेरी चाक) तपासायला वाट मोकळी करणे एवढेच त्याचे काम. डांबरी रस्त्यावर तो पत्रा गाडीच्या आयुष्याला पुरतो.

इंदूरच्या दक्षिणेला तो पुरत नाही. महू ओलांडले की माळव्याचे पठार संपत येते आणि विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. जानापावचा डोंगर, पाताळपाणीचा परिसर, चोरल नदीचे पात्र ही इथल्या फोर-बाय-फोरवाल्यांची नेहमीची ठिकाणे. खाली सगळा काळा बेसाल्ट. कडेवर तो धारदार फुटलेला, नदीत घासून गोटा झालेला. पावसाळ्यात काळी माती त्यावर असा लेप चढवते की दगड दिसतच नाही, लागल्यावर कळतो. सबंध अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच कडक नळीने जोडलेल्या गाडीत डिफरेन्शियलचा गोळा हा बहुधा सर्वांत खालचा भाग असतो. सस्पेन्शन कितीही उचलले तरी त्याची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते, ती वाढते फक्त मोठ्या टायरने.

पुढचे आणि मागचे कव्हर सारखे मार खात नाहीत. जीपच्या धर्तीच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन गाडीच्या मध्याकडे तोंड करून असतो आणि कव्हर त्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलचे कव्हर थेट समोर येते, आणि पुढे जाताना दगडाचा पहिला तडाखा त्यालाच. मागचे कव्हर पायरीसारख्या कड्यावरून उतरताना किंवा रिव्हर्स घेताना सापडते. तरी अनेक जण आधी मागचे करून घेतात, कारण ते दिसते. एकच करायचे असेल तर पुढचे करावे.

मार बसला की दोनांपैकी एक होते. पत्रा आत दबून फिरत्या क्राउनला घासतो, किंवा कव्हरची खालची कड दगडात अडकून उचकटते आणि तेल वाहून जाते. दुसरा प्रकार घातक. क्राउन आणि पिनियनचे हायपॉइड दाते एकमेकांवर घसरत चालतात, त्यांच्यामध्ये तेलाचा थर नसेल तर थोड्याच अंतरात दातांवर ओरखडे येतात आणि गाडी ओरडू लागते. कधी खालच्या बोल्टांची डोकीच झिजून सपाट होतात आणि कव्हर धड असूनही पाना लागत नाही.

इंदूरच्या रामबागेतला गाडीवेडा सांवेर रोडच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याचे कव्हर पाहिले की विचारतो, ‘भाऊ, किती एमएमची प्लेट लावली?’ विचारायला हवे ते वेगळेच : रिंग सपाट करून घेतली का? कव्हरच्या फुगीर भागाला, म्हणजे घुमटाला, सहा मिमीची प्लेट पुरेशी होते. कव्हर तगते की गळते हे ठरवते ती हाउसिंगला टेकणारी रिंग. ती दहा ते बारा मिमीची घेतात. लोहा मंडीत प्लेट किलोवर मिळते. मूळ कव्हर प्लेटवर ठेवून आखणी करता येते, पण दबलेल्या कव्हरची भोके सरकलेली असू शकतात, म्हणून आखणी हाउसिंगवरून कार्डपेपर दाबून घेतलेली बरी. लेझरवर कापून घेतली तर उत्तम, गॅसकटरने कापली तर कड ग्राइंड करावी लागते.

घुमट दोन तऱ्हांनी होतो. एक, प्लेटचे पैलू कापून हिऱ्यासारखे जोडणे. दुसरी, टाक्यांना लावतात तशी तयार डिश एंड घेऊन ती तिरकी कापून बसवणे. जुन्या गॅस सिलिंडरचा गोल कापून वापरायची टूम अधूनमधून निघते, तिच्या वाटेला जाऊ नये. कापताना आत उरलेला वायू पेटू शकतो.

वेल्डिंगची उष्णता रिंगला केळ्यासारखी वाकवते. ते टाळायला रिंग भंगारातल्या जुन्या हाउसिंगवर, नाहीतर वीस मिमीच्या प्लेटवर सगळे बोल्ट आवळून बसवतात. आधी टाके, मग समोरासमोरच्या बाजूंना दोन-दोन इंचांचे तुकडे. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. गरम कामावर पाणी ओतणारा पोरगा प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो, त्याला लांब ठेवावे. वेल्डिंग काडीने करायचे तर ७०१८ क्रमांकाची काडी चांगली, पण ती कोरडी हवी. एवढे करूनही रिंग थोडी ओढली जातेच, म्हणून शेवटी लेथवर किंवा सरफेस ग्राइंडरवर तिचे तोंड साफ करून घेतात. सपाट काचेवर ठेवून ०.१ मिमीची फीलर पट्टी कुठेच शिरली नाही, तर काम झाले.

वेल्ड गळते का हे पाहण्याची जुनी रीत आजही सर्वांत स्वस्त आहे. बाहेरून सांध्यांवर खडूचे दाट पाणी फासून वाळू द्यायचे, आतून रॉकेल लावायचे, ते हल्ली मिळत नाही म्हणून डिझेल. पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्या खडूवर टाचणीच्या टोकाएवढा काळसर ठिपका उमटला, तर तिथे छिद्र आहे. तेवढाच भाग ग्राइंड करून पुन्हा भरायचा. वरून रंग मारून छिद्र झाकले तर पहिल्या लांब प्रवासात तेल गरम झाले की ते पुन्हा उघडते.

जाड रिंगमध्ये खळगा पाडून अ‍ॅलन बोल्टचे डोके आत बुडवता येते, मग दगडाला धरायला काही उरत नाही. हा जाड रिंगचा खरा फायदा. बोल्ट मात्र वाढीव जाडीच्या हिशेबाने घ्यावे : आट्यांत व्यासाच्या निदान दीडपट शिरावेत, पण भोकाच्या तळाला टेकू नयेत. तळाला टेकलेला बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, कव्हर मात्र सैलच राहते. जुन्या जीपला इंची आटे, नव्या गाड्यांना मेट्रिक. चुकीचा बोल्ट दोन फेरे सुखाने जातो आणि निघताना हाउसिंगचे आटे घेऊन येतो. ८.८ दर्जाचा आठ मिमीचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरवर आवळतात, तोही समोरासमोरच्या क्रमाने.

तेल भरायच्या प्लगची उंची मूळ कव्हरएवढीच ठेवावी. प्लग वर गेला तर पातळी वाढते आणि तेल अ‍ॅक्सल ट्यूबमधून सीलपर्यंत, तिथून ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचते. घुमट खोल केला की तेल जास्त मावते हे खरे, पण आतला आकार क्राउनच्या गोलाईला धरून हवा. मागे सपाट भिंत असेल तर क्राउनने फेकलेले तेल तिथे आदळून फेसाळते. खाली ड्रेन प्लग आणि त्यात लोहचुंबक असले की चुरा एका जागी सापडतो. पुढच्या कव्हरबाबत आणखी एक : स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) लागत नाही ना हे अ‍ॅक्सल लटकत्या आणि दबलेल्या, दोन्ही स्थितींत पाहावे.

घरगुती बनावटीचे प्लेटचे कव्हर पाच किलोच्या आसपास भरते. एसजी आयर्नचे (चिवट ओतीव लोखंडाचे) कव्हर जड असते, पण वाकत नाही आणि वेल्डची भानगड नाही. बाहेरून पंख्यांसारख्या पट्ट्या असलेले अ‍ॅल्युमिनियमचे कव्हर उष्णता लवकर सोडते, ते भार ओढणाऱ्या गाडीला योग्य, दगडांना नव्हे.

मारुती जिप्सीला यातले काहीच लागू नाही. तिच्या अ‍ॅक्सलला सुटे कव्हरच नाही, घुमट हाउसिंगलाच जोडलेला असतो आणि क्राउन-पिनियनचा सांगाडा दुसऱ्या बाजूने निघतो. तिथे बाहेरून सहा मिमीचा रक्षक पत्रा वेल्ड करतात, तोही थोडा-थोडा, थांबत-थांबत, आणि आतले तेल काढून. एका दमात भरले तर अ‍ॅक्सलची नळी वाकते आणि टायर एका कडेने खाल्ले जाऊ लागतात.